पाखरायचा रंग काहून उडाला

आमच्या लग्नाले बेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आमच्या यायनं माह्या भाजीले नावं ठेवली, माह्या माहेरच्या लोकायले ठेवली, अन् माह्या मोठ्यानं बोलण्याले तं रोजच ठेवतात. मी बी कमी नाही, एक ऐकलं तं दोन ऐकवते. पण रंगाच्या बाबतीत मी कधी तोंड उघडलं नाही. आमच्या घरात हे सांगतील तोच रंग, बाकीच्यायनं मान डोलवायची. म्हणूनच तं एवढा घोटाळा झाला.

यायचं नाव नत्थूजी धकाते, वय अडुसष्ट. आम्ही विणकर लोक. यायचं घर तांडापेठेतलं, माहं माहेर उमरेडचं, दोन्हीकडं हातमाग. मी सासरी आली तेव्हा पुढच्या खोलीत दोन माग होते. खड्ड्यात पाय सोडून बसायचं अन् दिवसभर खटाक खटाक. सासरे करवतकाठी विणत, म्हणजे काठाले करवतीच्या दातायसारखी नक्षी. हे त्यायच्याच हाताखाली शिकले. मी धोट्यात घालायच्या कांड्यायवर सूत भरून द्यायची.

पण यायचं खरं नाव विणण्यासाठी नाही, रंगासाठी होतं. रंगाऱ्याकडून सुताच्या लडी आल्या की गल्लीतले लोक यायले बोलवायले येत. हे दोन लडी घेऊन उंबऱ्यावर उभे राहत, सकाळच्या उजेडात धरत, अन् सांगत, "ही वेगळ्या हंड्यातली आहे. मिसळू नका, कपड्यात पट्टा पडंन." रंगारी चिडे. म्हणे, दोन्ही एकाच दिवशी रंगवल्या. मंग कोणी हट्टानं मिसळून विणे, अन् लुगडं उन्हात धरलं की पट्टा हजर. अशी ती नजर. मले तं त्या नजरेचा मोठा अभिमान होता बावा, खोटं काहून बोलू.

पुढं पॉवरलूमचा कपडा आला अन् आमचे माग बसले. हे एका कॉलेजात चपराशी म्हणून लागले. गंमत पाहा, पाखरायचा नाद यायले माग बंद पडल्यामुळंच लागला. माग उचलून नेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंथरुणात उठून बसले. म्हणाले, "चंद्रकला, ऐकून राहिली का? हे कोण गाऊन राहिलं?" बाजूच्या शेवग्यावर एक काळंपांढरं पाखरू शेपटी वर करून शिट्ट्या मारून राहिलं होतं. दयाळ. तो काय त्याच दिवशी आला होता? त्याच्या बापजाद्यापासून तिथंच गात असंन. आमच्या खटाक खटाकमधी आम्हालेच कधी ऐकू आला नाही.

तिथून जे सुरू झालं ते आजवर. नोकरी संपली, आम्ही सक्करदऱ्याजवळ दोन खोल्यायचं घर घेतलं, अन् आमच्या पोरानं, पंकजनं, पुण्याहून एक जुना कॅमेरा आणून दिला. लांब नळीचा. मी त्याले म्हटलं, "अरे, तुह्या बापाले आता घरात कोण बसवंन?" झालं तसंच. सकाळी सहाले सायकल काढायची, तलावावर जायचं, दहाले यायचं. अन् फागुन लागला की तं विचारूच नका. पळस फुलला की यायचं डोकं ठिकाणावर राहत नाही. पळसावर शिंजीर आला, पळसमैनायचा थवा आला, तांबट ठोकून राहिला. मी म्हणते, गॅसचा नंबर लावा. हे म्हणतात, हौ, हळद्या आला.

तं सांगत होती घोटाळ्याची गोष्ट. दोनेक वर्षांपासून हे सीताबर्डीच्या फोटोवाल्याशी भांडून राहिले होते. चांगले आलेले फोटो हे त्याच्याकडून कागदावर काढून आणत. तो कॉम्प्युटरवर फोटो उघडे, अन् हे त्याच्या मागं उभे राहून सुरू, "तुही मशीन निळा रंग खाते गा. खंड्याची पाठ अशी मळकट असते का? वाढव निळा." तो म्हणे, "काका, बरोबर आहे रंग." "मले रंग शिकवतो का तू?" संपला विषय. तो वाढवे. "अजून." अजून वाढवे. यायचं समाधान होईपर्यंत तो बिचारा वाढवतच राहे.

गेल्या दिवाळीत मी जांभळी साडी आणली. घडी उघडली अन् हे म्हणाले, "सणाची काळी काहून आणली वं?" मले तं जांभळीच दिसे. दाराशी नेऊन पाह्यली, खिडकीत पाह्यली, जांभळी. पण यायनं सांगतलं म्हणजे झालं! मले वाटलं, दुकानदारानं लाइटाखाली जांभळी दाखवली अन् काळी गळ्यात मारली. मी तशीच रिक्षा करून गेली अन् त्या माणसाले असं झापलं, की बाकीचे गिऱ्हाईक उठून उभे राहिले. त्यानं हात जोडले अन् निमूट दुसरी दिली. आता आठवलं की मले त्या दुकानापुढून जायची लाज वाटते.

यंदाच्या माघात प्रदर्शन होतं. इथं पाखरं पाहणाऱ्या लोकायची एक मंडळी आहे, दर रविवारी कुठं ना कुठं जातात. कृष्णकांतजी म्हणून बँकेतून रिटायर झालेले एक जण त्यायचे म्होरके. शाळेच्या हॉलमधी प्रत्येकाचे दोन-दोन फोटो लावायचे होते. यायनं खंड्या अन् शिंजीर दिले, चांगल्या चौकटी करून. मी बी नवी (म्हणजे ती बदलून आणलेली) साडी नेसून गेली.

आमच्या फोटोपुढं गर्दी दिसली, मले वाटलं कौतुक चालू आहे. जवळ गेली तं कॉलेजातल्या दोन पोट्ट्या तोंडाले हात लावून हसून राहिल्या होत्या. एक म्हणे, "हा खंड्या रंगपंचमी खेळून आला वाटते." माह्या डोक्यात सणक गेली. तेवढ्यात कृष्णकांतजी यायले बाजूले घेऊन गेले. हळूच बोलले, पण मले ऐकू आलं.

"नत्थूजी, वाईट नका वाटून घेऊ. फोटो रंगवलेले आहेत. पाखरू आहे तसं दाखवायचं, हा आपला नियम आहे. हे दोन मले काढावे लागतील."

"रंगवलेले? मी?"

"लोक म्हणून राहिले, धकाते खोटे फोटो लावतात. मले ते ऐकवत नाही."

यायनं दोन्ही चौकटी वर्तमानपत्रात गुंडाळल्या अन् सायकलच्या कॅरिअरले बांधल्या. मी म्हटलं, थांबा, मी त्या कृष्णकांतले सांगतेच, सुताच्या दोन धाग्यातला फरक ओळखणारा माणूस, त्याले खोटा म्हणता? हे म्हणाले, "चाल वं घरी." त्या दिवशी यायनं भाकरीचा तुकडा मोडला नाही. रंगाचा चोर म्हटल्यासारखं झालं होतं न ते. दुसरी कोणती बी शिवी यायनं पचवली असती.

दुसऱ्या दिवशी हे तलावावर गेले ते खातरजमा करायले. मनाशी म्हणाले असतील, जाऊन खंड्या नीट पाहू, अन् मंग कृष्णकांतजीले ओढून आणून दाखवू. दहाले आले अन् पायरीवरच बसले. मी चहा आणला, तो तसाच निवला.

"चंद्रकला, त्यायचं बरोबर आहे. खंड्या निळा नाही."

"म्हणजे?"

"नाहीच. दोन घंटे पाह्यला. दहा हातावर बसला होता. पाठ अशी, चुलीतल्या राखेसारखी. शिंजीर बी पाह्यला. या दिवसांत तो कसा जांभळा चमचम करते, तुले माहीत आहे. कोळसा वं, नुसता कोळसा." अन् माह्याकडं पाहून म्हणाले, "पाखरायचा रंग उडून राहिला."

आता दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तं मी त्याले लिंबूपाणी देऊन झोपवलं असतं. पण यायनं सांगतलं, अन् वरून कारण बी सांगतलं. पाणी. रंगाऱ्याच्या हंड्यात पाणी खराब पडलं की रंग कच्चा बसते, हे आम्ही लहानपणापासून पाह्यलेलं. निळा अन् जांभळा पहिले मरते, पिवळा टिकते. तलावाचं पाणी किती घाण झालं हे तं साऱ्यायलेच दिसते. पाखरं तेच पेतात, त्यातलेच मासे खातात, मंग पिसाले रंग कसा धरंन? हळद्या तेवढा पिवळाधमक होता. म्हणजे हिशोब बरोबर जुळला! मले तं पटलं बावा. मी उमरेडले माह्या भावाले फोन लावला अन् विचारलं, "तुमच्याकडचे पाखरं कसे आहेत गा? निळे आहेत का?" तो म्हणाला, "बाई, तब्येत बरी आहे ना तुही?"

पुढचे पंधरा दिवस कसे गेले, मलेच माहीत. यायनं कॅमेरा कपाटात ठेवून दिला. सकाळी तलावावर जात, पण फिरायले येणाऱ्या लोकायले अडवून सांगायले, की पाखरायले वाचवा, पाणी सुधरवा, त्यायचा रंग चालला. लोक हौ हौ म्हणत अन् पुढं जात. काही जण तं यायले पाहून रस्ता बदलवत. एका संध्याकाळी हे आपले आपणच म्हणाले, "दहा वर्षांत सारे कावळ्यासारखे होतील. अन् ते पाहायले मी असंन." अन् रडले. आमचे माग उचलून नेले तेव्हा हा माणूस रडला नव्हता.

मंग तो दिवस आला. मी गोधडीले टीप मारत होती, काळं सूत पाहिजे होतं. जुन्या पेटीत तांडापेठच्या वेळच्या काही लडी मी जपून ठेवल्या आहेत. त्यातल्या दोन काढल्या, एक काळी, एक जांभळी. मले काही विचारायची गरज नव्हती, माह्या डोळ्यायले दोन्ही स्वच्छ दिसून राहिल्या होत्या. पण हे सकाळपासून पायरीवर मुंडी खाली घालून बसले होते. म्हटलं, जुन्या कामाची आठवण होईन, जरा बरं वाटंन.

"ऐका ना, यातली काळी कोणती?"

हे उठले. दोन्ही लडी घेतल्या अन् थेट उंबऱ्यावर गेले, पहिल्यासारखेच. उजेडात धरल्या. उलटवल्या, बोटावर ताणल्या, पुन्हा धरल्या. अन् अगदी पहिल्यासारखंच, ठासून म्हणाले, "दोन्ही काळ्या. एकाच हंड्यातल्या आहेत. बिनधास्त मिसळ."

एक लड वांग्यासारखी जांभळी होती हो!

साडी, फोटोवाला, खंड्या, शिंजीर, सारं एका झटक्यात माह्या डोक्यात फिरलं. अवं माय, मी म्हटलं मनातल्या मनात, पाखरायले काही झालं नाही. यायच्या डोळ्यालेच झालं आहे. कसं सांगू? गवयाले कसं सांगायचं की तुले सूर कळत नाही? मी लडी घेतल्या अन् म्हटलं, "बरं झालं सांगतलं."

रात्रभर उपाय शोधला. सकाळी म्हटलं, "माह्या डोळ्यात काहीतरी खुपून राहिलं, डॉक्टरकडं चला संगं." डॉक्टर प्रीती म्हणून एक डोळ्यायच्या डॉक्टरीण आहेत, आमच्याच भागात बसतात. मी खुर्चीवर बसली, डोळे मोठे मोठे करून दाखवले. त्या म्हणाल्या, "आजी, तुमच्या डोळ्यात काही नाही." मी म्हटलं, "असं का? मंग आलोच आहे तं यायचे बी पाहून घ्या." हे मागं मागं सरकले, मी दंड धरून बसवलं.

डॉक्टरबाईनं मशीनमधून पाह्यलं. एक डोळा, मंग दुसरा, मंग पुन्हा पहिला. म्हणाल्या, "काका, मोतीबिंदू आहे, दोन्हीकडं. उजवा तर पार पिकला. पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखं दिसत असेल तुम्हाला. निळा, जांभळा तर ओळखूच येत नसेल. आजवर कसं लक्षात नाही आलं?"

मी यायच्या तोंडाकडं पाहून राहिली होती. मले वाटलं, आता हा माणूस इथंच कोसळते. साऱ्या गल्लीनं ज्या नजरेची शपथ खाल्ली, ती नजरच खोटी निघाली. पुन्हा लोकायनं म्हटलं ते बी खरं, फोटो रंगवलेलेच होते. मी यायच्या पाठीवर हात ठेवला.

हे म्हणाले, "म्हणजे डॉक्टरबाई, पाखरं ठीक आहेत?"

"कोणती पाखरं?"

"खंड्या. निळाच आहे का तो?"

डॉक्टरबाईनं माह्याकडं पाह्यलं. मी मान हलवली, की सांगून टाका बाई. त्या म्हणाल्या, "हो काका, निळाच असतो तो. आमच्या गच्चीवरच्या तारेवर बसतो ना. अगदी निळा."

हे जे हसले, बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. मांडीवर थाप मारली. "चंद्रकला, पाखरायले काही नाही झालं वं! माहाच डोळा नासला! साले सारेच्या सारे ठीक आहेत!" पोरगा झाल्याची बातमी सांगावी तसं सांगून राहिले होते. मी म्हटलं, "मेल्याहून मेली होती मी काळजीनं, अन् तुम्हाले पाखरायचं पडलं आहे?" अन् मी बी हसली, अन् हसता हसता रडली. डॉक्टरबाईनं दोघायले पाणी दिलं.

पण निघताना मी एकटी आत गेली अन् विचारलं, "रंग पूर्ण वापस येईन ना?" त्या म्हणाल्या, "आजी, खोटं नाही सांगत. मोतीबिंदू एवढा पिकला, की मागचा पडदा नीट दिसत नाही. तो चांगला असला तर सगळं दिसेल. ऑपरेशन झाल्यावरच कळेल." मी हे यायले सांगायचं नाही असं ठरवलं. पण यायनं दाराआडून ऐकलं होतं, ते मले मागाहून कळलं.

होळीच्या आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंकज पुण्याहून दोन दिवस आला. पट्टी निघाली अन् मोठा हिरवा चष्मा आला. दिवसातून चार वेळा थेंब, डोक्यावरून पाणी नाही, वाकायचं नाही. दोन आठवड्यांनी डॉक्टरबाई म्हणाल्या, मागचा पडदा बरा वाटते, जखम भरली, आता घरात चष्मा काढून वावरा. रंगाचं काय ते तुम्हीच आम्हाले सांगा.

हे काही काढत ना! जेवताना चष्मा, टीव्ही पाहताना चष्मा. थेंब टाकताना काढला तं डोळा घट्ट मिटून घेत, अन् चाचपत पुन्हा चढवत. चार दिवस मी पाह्यलं, पाचव्या दिवशी भडकली.

"काढा ना तो एकदाचा! घरात कुठलं ऊन लागून राहिलं तुम्हाले?"

"राहू दे वं."

"काहून राहू दे? डॉक्टरबाईनं सांगतलं, पंकजनं सांगतलं, मी रोज घसा फोडून राहिली..."

"भेव लागते," हे म्हणाले. "काढला अन् निळा नाही दिसला तं? आता तं पाखरायवर बी ढकलता येत नाही."

माहं भांडण तिथंच विरलं. एवढा मोठा माणूस, हिरव्या चष्म्याआड लपून बसला होता. मी म्हटलं, "बरं, निदान मले एकदा पाहा." हे म्हणाले, "तुह्यानं काय कळंन? तुही साडी, भांडे, भिंत, घरातले सारे रंग मले पाठ आहेत. डोळा नसला तरी सांगंन मी. तपासायचं तं पाखरूच पाहिजे."

म्हटलं ठीक आहे, पाखरू तं पाखरू. हे झोपले तेव्हा मी यायच्या फोनमधून नंबर काढला अन् कृष्णकांतजीले लावला. मले वाटलं होतं नीट बोलीन. कुठलं काय! "तुम्ही माह्या माणसाले खोटा म्हटलं," इथूनच माही गाडी सुटली, अन् मोतीबिंदू, लडी, हिरवा चष्मा, सारं सांगूनच थांबली. ते म्हणाले, "वहिनी, मले खरंच माहीत नव्हतं. लय चुकलं माहं. रविवारी गाडी घेऊन येतो, तुम्ही बी चला."

रविवारी ते आले. चैत्र लागला होता, सकाळीच ऊन चढून राहिलं होतं. आम्ही उमरेड रोडनं निघालो अन् एका शेताजवळ थांबलो. गहू निघालेला, मोकळं रान, कडेनं विजेच्या तारा. कृष्णकांतजीनं गाडीतून उतरताच यायचा हात हातात घेतला. "नत्थूजी, मी तुम्हाले साऱ्यायपुढं कमीपणा आणला. माफ करा."

"माफ कायचं?" हे म्हणाले. "फोटो रंगवलेलेच होते ना जी. मीच रंगवले. फक्त मले माहीत नव्हतं."

कृष्णकांतजी पुढं काही बोलणार होते, पण त्यायची नजर वर गेली अन् त्यायनं तारेकडं बोट दाखवलं. तारेवर एक पाखरू बसलं होतं. यायनं नुसत्या ठेवणीवरून ओळखलं, चष्म्यातूनच. "नीलकंठ," म्हणाले. अन् दोन्ही हातायनं, हळूहळू, तो चष्मा काढला. नव्या डोळ्यानंच पाहायचं म्हणून डावा डोळा तळहातानं झाकला.

मी बी वर पाह्यलं. ते पाखरू मातकट होतं. छाती विटकरी, पाठ धुळीत लोळल्यासारखी. मी नाव ऐकून होती, दसऱ्याले लोक त्याचं दर्शन घेतात हे माहीत होतं, पण इतक्या जवळून नीट कधी पाह्यलं नव्हतं. मले वाटलं, अवं माय, मलेच निळं दिसत नाही तं यायले काय दिसंन? मी यायच्याकडं पाह्यलं, यायचं तोंड दगडासारखं. डोळ्यातून पाणी येऊन राहिलं होतं, पण हे पापणी हलवत नव्हते. मी माहेरच्या देवाले हाक मारली. म्हटलं, देवा, एवढा एक रंग दे रे बाबा, बाकी काही मागत नाही.

अन् त्या पाखराले खाली शेतात कायतरी दिसलं. त्यानं तारेवरून उडी घेतली अन् पंख उघडले.

"टोकाले गर्द!" हे ओरडले. "गर्द निळा, काळ्याच्या जवळचा! त्याच्या मागं पट्टा आसमानी, एकदम फिका! मंग पुन्हा गर्द, जांभळी झाक आहे त्याले, जांभळी आहे ती! शेपटी बी, शेपटी बी दोन निळ्यातली! अन् डोक्यावर, डोक्यावर मोरपंखी आहे गा कृष्णकांतजी, नाही का?"

"हौ नत्थूजी," कृष्णकांतजी म्हणाले. "जसं सांगून राहिले तसंच आहे."

पाखरानं खाली काहीतरी टिपलं, वर येऊन पुन्हा तारेवर बसलं, अन् पंख मिटल्याबरोबर पुन्हा मातकट झालं. मी तिथंच बांधावर बसकण मारली. दोन महिन्यायचा घोर एकदम अंगातून निघाला. पदर तोंडाशी धरला, पण रडं काही आवरत नव्हतं, चांगलं मोठ्यानं रडली मी.

हे माह्याकडं वळले. त्या धुतलेल्या डोळ्यानं पाहत म्हणाले, "चूप वं, पाखरू उडून जाईन."

"उडू द्या की," मी म्हटलं. "उडल्याबिगर निळं दिसते का ते?"